चादरीचं दुसरं टोक

थोरलीने आयुष्यात वजनं पुष्कळ केली होती, पण ती चादरींची. रोज सकाळी हॉस्पिटलांतून मळक्या चादरींची गाठोडी लाँड्रीत यायची. ती लटकत्या काट्याच्या आकड्याला अडकवायची, किती किलो ते पाटीवर लिहायचं आणि मोजून तेवढीच मोठ्या मशीनच्या पोटात ढकलायची. जास्त भरलं तर मशीन अडतं, कमी भरलं तर पाणी वाया जातं. पण स्वतःचं वजन किती, हे सत्तेचाळीस वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर "का, उचलायचंय का मला?" एवढंच उत्तर मिळालं असतं.

लाँड्रीच्या दोन बाजू होत्या. मशीनची ती ओली बाजू, आणि इस्त्रीच्या रोलरपलीकडची, घड्यांच्या टेबलाची ती कोरडी. थोरली ओल्या बाजूची मुख्य बाई. तिच्या जोडीला तिची धाकटी जाऊ. घरात एक खालच्या मजल्यावर, दुसरी वरच्या. कामावर एक चादरीच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. दोघींना सगळेजण थोरली आणि धाकटीच म्हणायचे, अगदी साहेबसुद्धा. हजेरीपटावरची त्यांची नावं फक्त हजेरीपटालाच ठाऊक होती.

चादर मशीनमधून बाहेर येते ती पीळ पडलेली, दगडासारखी घट्ट. दोघींनी दोन टोकं धरायची, पाय रोवायचे, मागे झुकायचं आणि एकाच वेळी झटका द्यायचा. मग ती उलगडते आणि रोलरवर सरळ जाते. दिवसाला चारशे चादरी, सोळा वर्षं. एवढ्या वर्षांत दोघींना एकमेकींचा अंदाज इतका आला होता, की समोरची जेवून आलीय की भांडून आलीय हे थोरलीला पहिल्या झटक्यातच कळायचं. भांडून आली असेल तर चादर चांगली निघायची.

तर अशा या सुरळीत चाललेल्या कामात मुख्य ऑफिसला सगळ्यांच्या तब्येतीची काळजी वाटू लागली. साहेबांनी एका सोमवारी सगळ्यांना रोलरपाशी गोळा केलं आणि एक पंचविशीची मुलगी पुढे उभी केली. पांढरे बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत एक चपटा काचेचा वजनकाटा, मोजपट्टी आणि पोटाची चरबी मोजायचा चिमटा. लाँड्रीने तासाभरात तिचं नाव ठेवलं, आरोग्यताई. बारा सोमवार ती येणार होती. दर वेळी वजन, कंबर आणि चरबी असे तीन आकडे घेणार, आणि भिंतीवरच्या फलकावर प्रत्येकाची रेघ काढणार होती. फलकावर मधोमध एक लाल रेघ आधीच होती.

"बाराव्या सोमवारी जे लाल रेघेच्या वर असतील," साहेब म्हणाले, "त्यांना उचलण्याच्या कामातून सूट. त्यांना घड्यांच्या टेबलावर घेऊ. त्यांच्याच भल्यासाठी."

भल्यासाठी म्हटलं की थोरलीच्या कपाळावर आठी यायची. घड्यांच्या टेबलावर दिवसभर खुर्चीत बसायचं असतं. थोरली कशालाच घाबरायची नाही, पण बसण्याला घाबरायची. तिची आई पन्नाशीत "जरा टेकते" म्हणून खुर्चीत बसली आणि मग तिला उठवायला नेहमी कुणीतरी लागायचं. शेवटची अकरा वर्षं तिने तशीच काढली. थोरलीने ती पाहिली होती, आईला उचललं होतं, आणि आपण उभ्यानेच काम करायचं हे तेव्हाच ठरवून टाकलं होतं. ती मोठ्या मशीनपाशी उभी होती ती हौस म्हणून नव्हे. तिथून हललो तर संपलो, असं तिला खरंच वाटायचं.

पहिलं वजन पाळी संपल्यावर झालं. ओल्या बाजूच्या बायका होत्या तशाच काट्यावर चढल्या, अंगावर रबरी एप्रन, पायात गमबूट, बुटांत पाणी. थोरली शहाऐंशी, धाकटी अठ्ठ्याहत्तर. दोघी लाल रेघेच्या चांगल्याच वर.

"यात चार किलो तर पाणीच आहे," थोरली म्हणाली.

"मग पुढच्या वेळी एप्रन काढून चढा ना, मावशी," आरोग्यताई म्हणाली.

"मी दिवसभर एप्रन घालून उचलते. तुमच्या काट्याला माझं वजन हवं असेल तर एप्रनासकट घ्या."

स्वतःपुरता तिचा हट्ट होता. पण धाकटीला तिने त्याच संध्याकाळी बाजूला घेतलं आणि शिकवलं, "तू काढ गं. एप्रन काढ, बूट रिकामे कर, आणि मुकाट्याने चढ. निदान तू तरी सुट." पुढच्या सोमवारी धाकटी चौऱ्याहत्तर भरली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, कोरड्या बाजूनेही वाजवल्या. थोरली तोंडावर पदर धरून हसली, कारण टाळ्या कशाला पडताहेत हे तिला माहीत होतं. बुटातल्या पाण्याला.

तिसऱ्या सोमवारी धाकटी बहात्तर, चौथ्या सोमवारी सत्तर. थोरलीला वाटलं, पोरगी तयार झाली, नवनव्या युक्त्या काढतेय. "बांगड्या काढल्यास, हेअरपिना काढल्यास, आता दात काढून चढ," ती म्हणायची आणि धाकटी लाजून हसायची. ही चूक थोरलीने नंतर स्वतःला कधी माफ केली नाही. चार किलोंची लबाडी तिने स्वतः शिकवली होती, म्हणून पुढचे सगळे किलोही तिने लबाडीतच धरले.

दरम्यान फलकाचा तिला राग आला होता तो वेगळाच. फलकावर उचलण्याचं कुठे काहीच नव्हतं. कोरड्या बाजूचा एक कारकून, ज्याला पाण्याचा जार पालथा घालायला दोन माणसं लागायची, तो लाल रेघेच्या खाली छान हिरव्यात बसला होता. मग तिने ओल्या बाजूचा स्वतःचा फलक सुरू केला. लटकता काटा खांबाला आडवा बांधला, आकड्यात ओली चादर अडकवली, आणि म्हणाली, "ओढा. कुणात किती दम आहे ते इथे कळेल." मशीनमागच्या भिंतीवर खडूने नावं आणि आकडे. थोरलीने शेहेचाळीस किलो ओढले, धाकटीने अडतीस. दर सोमवारी आरोग्यताईचा काटा झाला की बायका मशीनमागे यायच्या आणि चादर ओढायच्या. खूप हसायच्या. हा तिकडच्या फलकाला दिलेला उघड ठेंगा होता.

धाकटीने पुढच्या सोमवारी छत्तीस ओढले. मग तेहेतीस. मग एकोणतीस.

"आज झोप नीट नाही झाली," धाकटी म्हणायची. किंवा, "हात ओले होते, जाऊबाई." लाँड्रीत हात ओले असणं हे काय कारण झालं? पण सगळ्या हसल्या, थोरलीही हसली. आकडा मात्र तिने खडूने लिहिला. आकडा लिहायचा ही तिची सवय होती.

आठव्या आठवड्यात एका झटक्याला थोरली मागच्या मागे पडता पडता वाचली. तिने नेहमीसारखी झुकून चादर ओढली होती, आणि समोरून कुणी धरलेलंच नव्हतं. धाकटी उभी होती, चादरीचं टोक तिच्या पायाशी पडलं होतं, आणि ती आपल्या पंज्यांकडे पाहत होती.

"सुटलं," ती म्हणाली.

सोळा वर्षांत धाकटीच्या हातून चादर सुटली नव्हती. थोरलीला तेव्हा पहिल्यांदा शंका आली. मग तिला एकेक गोष्ट दिसू लागली. धाकटीची पाण्याची बाटली दुपारपर्यंत तीनदा भरली जायची. लाँड्रीत उकडतं, सगळ्याच पाणी पितात, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती सारखी संडासाकडे जायची. आणि घरी, वरच्या मजल्यावर जाताना, ती जिन्याच्या मध्यावर थांबायची. त्या जिन्याला सतरा पायऱ्या होत्या. पूर्वी थांबायची नाही, मग अकराव्या पायरीवर थांबू लागली, आता आठव्या. थोरली खाली स्वयंपाकघरात उभी राहून पायऱ्या मोजायला लागली होती.

तिने धाकटीला त्याच आठवड्यात एका संध्याकाळी जिन्यात गाठलं, आठव्या पायरीवर.

"तुझ्यात काहीतरी बिघडलंय. उद्या डॉक्टरकडे चल."

"काय बिघडलंय? तेरा किलो कमी झालेत मी."

"तेच म्हणतेय. तू कमी खातेस का? नाही. रात्री दोन पोळ्या जास्त खातेस, मी बघते ना. मग जातं कुठे ते?"

धाकटीने कठड्याला घट्ट धरलं. तिचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, बस चालवायचा. आदल्याच दिवशी त्याने तिला दोन मापं लहान कपडे आणून दिले होते आणि म्हणाला होता, लग्नात होतीस तशी दिसतेस. लाँड्रीत तिचा फोटो फलकावर लागला होता. सोळा वर्षं ती थोरलीची धाकटी होती. कुठेही गेली तरी आधी थोरली आणि मग ती.

"जाऊबाई, एक बोलू? माझी रेघ खाली गेली आणि तुमची जागच्या जागी राहिली, म्हणून तुमच्या पोटात दुखतंय."

थोरलीला हे फार लागलं. तिने आयुष्यात कुणाचं वाकडं बोलणं ऐकून घेतलं नव्हतं, पण त्या पायरीवरून ती तशीच खाली उतरली. तिने जाऊन दिराला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "वहिनी, सगळं जग बारीक व्हायला धडपडतं, आणि तुम्ही तिला डॉक्टरकडे न्यायला निघालात." वाईट माणूस नव्हता, पण त्यानेही फलक पाहिला होता.

मग तीन आठवडे दोघी बोलल्या नाहीत. धाकटी मशीनमागे चादर ओढायला येईनाशी झाली. चारशे चादरी मात्र रोज दोघींच्याच हातातून जायच्या, आणि तिकडून येणारा जोर रोज थोडा थोडा कमी व्हायचा. थोरली आपला झटका सांभाळून, हलका करून द्यायची, धाकटी पडू नये म्हणून. निम्म्या चादरी ती एकटीच ओढत होती आणि समोरच्या टोकाला ते कळू देत नव्हती.

बारावा सोमवार आला. साहेबांनी रोलरच्या पुढ्यात टेबल मांडलं, त्यावर एक चांदीच्या रंगाचा कप. हातात यादी होती. यादीत काय आहे ते सगळ्यांना कळलं होतं. थोरली घड्यांच्या टेबलावर, आणि मोठ्या मशीनची मुख्य म्हणून तिच्या जागी धाकटी. आता ते गाठोड्यांचं उचलणं धाकटीने करायचं होतं. ते कळल्यावर थोरलीला आधी आपल्या खुर्चीची भीती वाटली, हे खरं आहे आणि ते सांगायला हवं. पण दुसऱ्या क्षणी तिला चाळीस किलोच्या गाठोड्याखाली धाकटी दिसली, आणि मग खुर्चीचं काही वाटेनासं झालं.

धाकटी काट्यावर चढली. एकोणसाठ. टाळ्या पडल्या.

"आता थोरली," साहेब म्हणाले.

थोरली जागची हलली नाही.

"चढते. पण आधी ती मशीनमागे येऊन एकदा चादर ओढेल. मग मी चढते, तुम्ही म्हणाल तिथे बसते, खुर्चीत बसते."

"हा काय तमाशा आहे?" साहेब म्हणाले.

"तमाशा तुम्ही बारा आठवडे केलात. माझा पाच मिनिटांचा आहे."

धाकटी लाल झाली. सगळ्यांसमोर मागे हटणं तिलाही जमणारं नव्हतं. ती तरातरा मशीनमागे गेली, चादर हाताला गुंडाळली आणि ओढली. काट्याचा बाण थरथरला. तिने पाय रोवले, पुन्हा ओढली, पूर्ण अंगाने मागे झुकली. चौदा.

थोरलीने खडू घेतला आणि भिंतीवरच्या रांगेत शेवटचा आकडा लिहिला. अडतीस, छत्तीस, तेहेतीस, एकोणतीस, पंचवीस, मधली जागा कोरी, आणि चौदा.

"ही पण रेघ खालीच गेलीय, साहेब," ती म्हणाली. "हिला का नाही टाळ्या वाजवत?"

कुणी हसलं नाही. आरोग्यताई मात्र भिंतीजवळ आली. तिने आकडे वाचले, मग धाकटीच्या कोपराला धरलं आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "ताई, तहान फार लागते का? रात्री किती वेळा उठता?" धाकटीचे डोळे भरले. आरोग्यताईने पिशवीच्या तळातून बोटाला टोचून साखर बघायचं यंत्र काढलं. बारा आठवडे ते पिशवीत होतं. ऑफिसने तीनच आकडे मागितले होते, आणि चौथा घ्यायचं तिच्याही मनात आलं नव्हतं. तिने टोचलं, थेंब घेतला आणि थांबली. यंत्रावर आकडा आलाच नाही. मोजण्याच्या पलीकडे, एवढंच त्याने दाखवलं.

"हॉस्पिटलला न्यायला हवं," आरोग्यताई म्हणाली. "आत्ता. मी गाडी बोलावते."

धाकटी खाली बसायला लागली. बसली असती तर फरशीवर पाणी होतं. थोरलीने तिला गाठोडं घेतात तसं घेतलं, एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, आणि उचललं. दाराकडे जायच्या वाटेत तो काचेचा काटा पडलेला होता. कुणीही वळसा घालून गेलं असतं. थोरली त्याच्यावर चढली. एप्रनासकट, पाणी भरलेल्या बुटांसकट, जावेसकट.

काटा थोडा वेळ गोंधळला आणि मग थांबला.

"एकशे पंचेचाळीस," थोरली म्हणाली. "लिहा, साहेब. दोघींचं मिळून लिहा. आणि त्याच्यापुढे लिहा, ही बाई उचलायला नालायक आहे."

साहेबांनी काही लिहिलं नाही. त्यांनी पुढे होऊन दार उघडून धरलं. तेवढी माणुसकी त्यांच्यात होती.

गाडीत धाकटी थोरलीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. "जाऊबाई," ती म्हणाली, "मला वाटलं, एकदा तरी मी पुढे..."

"पुढेच आहेस. गप्प पडून राहा."

"तुम्ही मला ओढत होतात. इतके दिवस. मला कळत होतं."

थोरलीने खिडकीबाहेर पाहिलं आणि एप्रनच्या टोकाने नाक पुसलं. एप्रन रबरी होता, त्याने काही पुसलं गेलं नाही.

डॉक्टरांनी थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं की साखर फार वाढली होती, शरीर स्वतःलाच जाळत होतं, आणि अजून थोडे दिवस गेले असते तर बोलणं वेगळं झालं असतं. आता रोज सुई टोचून घ्यायची, वेळेवर खायचं, आणि ती बरी होईल. दीर धावतपळत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. कॉटवर धाकटीच्या अंगाखाली जी चादर होती तिच्या कोपऱ्यावर त्यांच्याच लाँड्रीचा शिक्का होता. थोरलीने ती उगाच एकदा ओढून सरळ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी फलकाशेजारी लागलेली होती. मुख्य ऑफिसला घडलेलं कळलं नव्हतं, किंवा कळूनही यादी ती यादी होती. घड्यांच्या टेबलापुढे थोरलीचं नाव होतं. तिने ते शांतपणे वाचलं, कागद काढला, कोपऱ्याला कोपरा जुळवून त्याच्या चार घड्या घातल्या आणि साहेबांच्या हातात दिला.

"घड्या मला येतात," ती म्हणाली. "छान येतात. पण माझी जागा तिकडे आहे. मला हलवायचं असेल तर या मशीनमागे, चादर ओढा. माझ्यापेक्षा जास्त ओढलीत तर मी स्वतः खुर्ची घेऊन जाते."

साहेबांनी काट्याकडे एक नजर टाकली. मग त्यांनी घडी घातलेला कागद खिशात ठेवला आणि केबिनमध्ये गेले. त्यांनी तो पुन्हा कधी काढला नाही, आणि थोरली मोठ्या मशीनपाशी उभी राहिली ती राहिलीच. फलक आणखी दोन आठवडे होता, मग तो जिन्याखाली गेला.

धाकटी सहा आठवड्यांनी कामावर आली, तीही एका सोमवारी. आरोग्यताई मुद्दाम आली होती. तिने यंत्राने धाकटीची साखर बघितली, आकडा वहीत लिहिला आणि मान डोलावली. मग जरा ओशाळत म्हणाली, "वजन पण बघू का?" धाकटी काट्यावर चढली. त्रेसष्ट. चार किलो वाढली होती.

कोरड्या बाजूला कुणाला काय करावं ते कळेना. टाळ्या कशाला वाजवायच्या हे त्यांना बारा आठवडे एकाच दिशेने शिकवलेलं होतं. पहिली टाळी थोरलीने वाजवली. मग ओल्या बाजूने वाजवली, मग आरोग्यताईने, आणि शेवटी केबिनच्या दारातून साहेबांनीही.

मशीनमागे धाकटीने चादर ओढली. बावीस. थोरलीने खडूने लिहिलं.

"अजून थोडीच ताकद आहे," धाकटी म्हणाली.

"मी काही म्हटलं का? चल, मशीन थांबलंय."

पहिली चादर बाहेर आली, पीळ पडलेली. दोघींनी टोकं धरली. थोरलीने आपला झटका हलका धरला, गेल्या कित्येक आठवड्यांच्या सवयीने. तेवढ्यात समोरून चादर ताठ झाली आणि थोरलीच्या हाताला ओढ बसली, फार नाही, पण बसली.

"नीट ओढा ना, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "झोपलात का?"

थोरलीने पाय रोवले आणि पूर्ण जोराने ओढली.